सिंकखालची गळती नेमकी कुठून होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंकखाली पाणी दिसलं की हात आधी पान्ह्याकडे जातो. दिसेल तो नट आवळला जातो, दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी फळी पुन्हा ओली. खालचे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा पाठवत असतात, तेच इथे एकत्र केले आहेत. एक आग्रह मात्र सगळ्या उत्तरांना लागू आहे: जागा सापडेपर्यंत काहीही आवळू नका. नट हलवला की खुणा पुसल्या जातात आणि मूळ गळतीच्या जोडीला नवी गळतीही लागू शकते.

१. कपाट उघडलं तर आत पाणी साचलंय. सगळ्यात आधी काय करू?

आधी वीज. सिंकखाली वॉटर प्युरिफायर, डिशवॉशर किंवा छोट्या गीझरचा प्लग असेल तर ओल्या हाताने तो उपटू नका. त्या भागाचा एमसीबी (वीजपेटीतला स्विच) बंद करा आणि मगच आत हात घाला.

नंतर दोन्ही अँगल कॉक (भिंतीतून नळाकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या छोट्या तोट्या) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बंद करा आणि खाली बादली किंवा परात ठेवा. अँगल कॉक बंद होतच नसेल तर घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. जाम झालेल्या कॉकवर पान्हा लावून जोर करू नका, तो भिंतीतच तुटला तर काम दसपट वाढतं.

पुसायला लागण्याआधी मोबाइलवर चार फोटो काढून ठेवा. फळी कुठे फुगली आहे, पाइपावर पांढरा थर कुठे आहे, ओघळाची रेघ कुठून सुरू होते, हे सगळं फडकं फिरलं की जातं आणि नंतर नेमकं तेच हवं असतं.

२. गळती नळाच्या पाण्याची आहे की सांडपाण्याची, हे कसं ओळखायचं?

नळाकडे येणाऱ्या पाइपांत चोवीस तास दाब असतो, त्यामुळे तिथली गळती सिंक कुणी वापरत नसतानाही चालू राहते. सांडपाण्याच्या पाइपात पाणी फक्त तुम्ही सोडाल तेव्हाच येतं. या एका फरकावर निम्मा तपास होतो.

सगळं कोरडं पुसा, खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा, अँगल कॉक उघडे ठेवा आणि दोन तास सिंक अजिबात वापरू नका. कागद भिजला तर दोष बहुधा येणाऱ्या पाण्याच्या बाजूला आहे: अँगल कॉक, तिथून नळाला जाणारा कनेक्शन पाइप किंवा त्यांचे जोड. कागद कोरडा राहिला तर संशय वेस्ट पाइप (सांडपाण्याचा पाइप), ट्रॅप (त्यातला पाणी धरून ठेवणारा भाग), सिंकच्या भोकातली जाळी, सिंकची कड आणि नळाचा वरचा भाग यांच्यावर येतो. नळाचं नाव इथे मुद्दाम घेतलं आहे, कारण तो दोन्ही गटांत बसत नाही (प्रश्न ७ पाहा).

३. थेंब तर ट्रॅपच्या तळाशी लटकतोय. म्हणजे ट्रॅपच गळतोय ना?

बहुतेक वेळा नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पाणी पाइपाच्या अंगाला धरून उतरतं. वरच्या जोडातून निसटलेला थेंब पाइपावरून घसरत सगळ्यात खालच्या टोकाला येतो, तिथे जड होतो आणि पडतो. ट्रॅप हा त्या मार्गातला सर्वांत खालचा भाग, म्हणून दोष कुणाचाही असो, थेंब त्याच्याच तळाशी दिसतो. आडवा पाइप असेल तर पाणी त्याच्या पोटाखालून हातभर लांब जाऊनही टपकतं.

आमच्या घरी असाच थेंब दिसत होता म्हणून मी पूर्ण बॉटल ट्रॅप बदलला. नवा ट्रॅपही दुसऱ्या दिवशी ओला होता. खरं पाणी नळाच्या बुडाशी मुरत होतं आणि कनेक्शन पाइपावरून उतरत, वेस्ट पाइपाला टेकून ट्रॅपवर येत होतं. तेव्हापासून मी थेंब जिथे पडतो तिथे पाहतच नाही. वर जात राहायचं आणि ओल जिथे संपते, म्हणजे जिच्या वर सगळं कोरडं आहे अशी सर्वांत उंच ओली जागा शोधायची. गळती तिथेच असते किंवा तिच्या अगदी जवळ.

यासाठी बोटांवर भरवसा ठेवू नका. गार धातू कोरडा असला तरी हाताला ओला भासतो. कोरड्या टिश्यू पेपरचा तुकडा प्रत्येक जोडाभोवती फिरवा, वरून खाली, आणि दर जोडाला नवा तुकडा घ्या. कागदावर टिकलीएवढा डाग पडला तरी तो स्पष्ट दिसतो.

४. पद्धतशीर तपासायचं असेल तर कोणत्या क्रमाने जाऊ?

कपाट पूर्ण रिकामं करा. डबे, पिशव्या, साबणाच्या बाटल्या बाहेर काढा. बाटल्या काढताना त्यांचं बूड पाहा. आडवी पडलेली द्रवसाबणाची बाटलीच ‘गळती’ निघाल्याचीही उदाहरणं आहेत. बोटांवर चिकट, बुळबुळीत लागलं तर संशय आधी तिच्यावर घ्या. मग सगळे पाइप, नट आणि सिंकची खालची बाजू कोरडी करा. टॉर्च हातात न धरता आत टेकवून ठेवा, दोन्ही हात मोकळे हवेत.

पहिली पायरी प्रश्न २ मधली: काही न वापरता दोन तास थांबणं.

दुसरी पायरी, सिंक भरून ठेवणं. जाळीच्या तोंडात बूच बसवून सिंक अर्ध्याहून जास्त भरा आणि अर्धा तास तसंच ठेवा. इथे एक बारकावा आहे. जाळीवर सपाट रबरी झाकण ठेवलंत तर ते जाळीची धातूची कडही झाकून टाकतं, आणि तपासायची असते ती नेमकी तीच कड. म्हणून बूच आतल्या भोकात बसणारं हवं. ते नसेल तर फडक्याचा गोळा प्लास्टिकच्या पिशवीत घालून भोकात घट्ट दाबा. भरलेल्या सिंकमध्ये वीस-तीस लिटर पाणी, म्हणजे तितक्याच किलोंचं वजन असतं. त्या भाराने सिंक किंचित खाली दबतं आणि एरवी न दिसणारी फट उघडी पडते.

तिसरी पायरी, बूच काढून सगळं पाणी एकदम सोडणं. या वेळी तुम्ही खाली टॉर्चजवळ असा, बूच दुसऱ्या कुणाला काढायला सांगा. रोजच्या बारीक धारेने जे जोड तग धरतात, ते या लोंढ्यात उघडे पडतात.

चौथी पायरी, गरम पाणी. उकळतं नको, त्याने पीव्हीसी पाइप मऊ पडतात. नळाचं नेहमीचं गरम पाणी पुरे. प्लास्टिक तापलं की प्रसरण पावतं आणि गार पाण्यात घट्ट वाटलेला जोड तेव्हा पाझरतो.

पाचवी पायरी सिंकच्या बाहेरची. सिंक आणि ओटा यांच्या सांध्यावर, मग नळाच्या बुडाशी, पेल्याने हळूहळू पाणी ओता आणि खाली पाहा. नळ या वेळी बंद हवा. नाहीतर काय कशाने गळलं ते कळणार नाही.

प्रत्येक पायरीनंतर पुन्हा सगळं कोरडं करायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण दोन पायऱ्या एकत्र केल्या की उत्तरही एकमेकांत मिसळतं.

५. सिंक भरलेलं असताना थेंबही पडत नाही, बूच काढलं की गळतं. दोष कुठे?

जाळीच्या खाली कुठेतरी: कपलिंग (जाळीखालचा, सिंकला पाइप जोडणारा भाग) आणि वेस्ट पाइपाचा जोड, ट्रॅपचे नट, किंवा पाइप भिंतीत अथवा जमिनीत शिरतो ती जागा. वरून खाली टिश्यू फिरवा.

ट्रॅपच्या जोडात दोष बहुधा वॉशरमध्ये सापडतो. खोलून पाहायचं असेल तर आधी बादली ठेवा, कारण ट्रॅपमध्ये कायम पाणी असतं. वॉशर कडक झालंय, चिरलंय की उलटं बसलंय ते पाहा. एका बाजूने निमुळतं वॉशर असेल तर निमुळती बाजू नटाकडे नको, पाइप ज्या भागात शिरतो त्याच्याकडे हवी. उलटं बसलेलं वॉशर कितीही आवळलं तरी पाझरतंच. पाइप जोडात तिरका शिरत असेल तर नवं वॉशरही टिकत नाही, पाइप सरळ करावा लागतो.

घडीघडीचा लवचीक वेस्ट पाइप असेल तर तो हाताने हळूच वाकवून प्रत्येक घडीत टॉर्च मारा. घडीच्या खोबणीतली चीर पाइप सरळ असताना मिटलेली असते.

आणि पाणी जर भिंतीच्या किंवा जमिनीच्या तोंडाशी वर येत असेल तर ती गळती नाही, पुढे तुंबलंय. नट आवळून, सिलिकॉन भरून उपयोग नाही. पाइप साफ करावा लागेल.

६. सिंक भरून ठेवल्यावरच जाळीच्या आसपास थेंब येतात. जाळी बदलावी लागेल का?

लगेच नाही. वेस्ट कपलिंगची वरची कड सिंकला टेकते तिथे पुट्टी, सिलिकॉन किंवा रबरी वॉशर असतं. ते वाळलं किंवा सुटलं की कडेखालून पाणी उतरतं. कपलिंग सोडवा, जुना थर पूर्ण खरवडा, दोन्ही पृष्ठभाग कोरडे करा, नवं सील घाला आणि खालचा मोठा नट आवळा. जुन्या थरावर नवं सिलिकॉन धरत नाही. सिलिकॉन लावलंत तर पाकिटावर लिहिलेला वेळ होईपर्यंत सिंक वापरू नका. कपलिंगची कडच गंजली असेल किंवा आटे झिजले असतील, तर मात्र बदला.

थेंब जाळीपासून लांब, सिंकच्या तळाला किंवा कोपऱ्यात दिसले तर सिंकलाच भोक किंवा चीर असू शकते. स्टीलवर ब्लीच किंवा मीठ वारंवार साचून राहिलं तर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. कृत्रिम दगडाच्या सिंकला केसाएवढी चीर जाते आणि ती ओली असतानाच नीट दिसते.

७. नळ चालू असतानाच गळतं, पण वेस्ट पाइप कोरडा ठणठणीत आहे. हे कसं?

मग नळाकडे पाहा. फिरणाऱ्या मानेतली ओ-रिंग (रबरी कडी) झिजली की नळ सोडल्यावर पाणी मानेच्या बुडाशी येतं, ओट्यावर थोडं साचतं आणि नळाच्या भोकातून खाली उतरतं. गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाच्या दांड्याखालचं कार्ट्रिज (पाणी चालू-बंद करणारा भाग) गळत असेल तर पाणी नळाच्या अंगाआतूनच खाली येतं आणि वर काहीच दिसत नाही. नळाच्या बुडाभोवती टिश्यूची घट्ट गुंडाळी करा आणि पाच मिनिटं नळ चालू ठेवून मान दोन्हीकडे फिरवा. गुंडाळी भिजली तर वरचा जोड. गुंडाळी कोरडी आणि नळाची शेपटी, म्हणजे ओट्याखालचं टोक, ओली, तर आतला.

ओढून बाहेर येणारा स्प्रे असेल तर त्याचा पाइप पूर्ण बाहेर ओढून पाणी सोडा. हा पाइप रोज वाकतो, घासतो, आणि त्याची चीर ठरावीक लांबीवर ओढल्यावरच उघडते.

भांडी घासताना ओट्यावर उडालेलं पाणी नळाच्या बुडाखालून झिरपतं, तेव्हाही लक्षण हेच असतं. फरक कळतो तो प्रश्न ४ मधल्या पाचव्या पायरीने.

८. प्लंबरने काम करताना अँगल कॉक बंद केला होता. तेव्हापासून तोच ठिबकतोय.

वर्षानुवर्षं न हललेला कॉक फिरवला की दांडीभोवतीचं सील जागा सोडतं. मुठीच्या मागे छोटा ग्लँड नट असेल तर तो अगदी थोडा, आठवा भाग फेराच आवळा आणि पाहा. असा नट नसेल तर बहुधा कॉकच बदलायचा. त्यासाठी मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागतो.

९. स्टीलच्या जाळीचा कनेक्शन पाइप वरून चांगला दिसतो. तो गळू शकतो का?

हो. जाळी फक्त संरक्षणाला असते, पाणी आतल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या नळीतून जातं. नळी आतून तडकली की पाणी जाळीतून कुठूनही बाहेर पडतं. दोन्ही टोकांना जिथे धातूची टोपी दाबून बसवलेली असते तिथे नीट पाहा. गंजाचे ठिपके, तुटून उभी राहिलेली तार, एखादा फुगवटा दिसला तर आज गळत नसला तरी पाइप बदला. ही नळी सतत दाबाखाली असते. ती फुटते तेव्हा ठिबकत नाही, धो धो वाहते. या यादीतली खरी धोक्याची जागा मला हीच वाटते.

१०. गळती कधी असते, कधी नसते. प्लंबर आला की सगळं कोरडं. काय करू?

वेळ लिहून ठेवा. कपाटाच्या दारावर कागद चिकटवा आणि ओल दिसली की शेवटचं काय केलं होतं ते नोंदवा. तीन-चार नोंदींत सूत्र सापडतं.

फक्त पहाटे ओल दिसत असेल तर रात्री वापर थांबल्यावर वाढणारा दाब तपासा, म्हणजे येणाऱ्या पाण्याचे जोड. फक्त गरम पाण्यानंतर असेल तर वेस्टचे प्लास्टिक जोड. सिंक काठोकाठ भरल्यावरच होत असेल तर वरच्या ओव्हरफ्लोच्या (जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या) भोकामागची नळी. ती इतकी क्वचित वापरात येते की तिचा जोड निखळलेला वर्षभर कळत नाही. डिशवॉशर किंवा वॉशिंग मशीन सुरू असताना होत असेल तर त्यांची आउटलेट नळी, कारण मशीन पाणी जोराने ढकलतं. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दोन्ही बाजू एकदम सोडून पाहा.

११. प्युरिफायर बसवल्यापासून ओल येतेय. कुठे पाहू?

बारीक नळ्यांच्या पुश-फिट (नुसतं आत ढकलून बसवायच्या) जोडांत. नळीचं टोक तिरकं कापलेलं असेल, तिच्यावर ओरखडा असेल किंवा ती पूर्ण आत गेली नसेल, तर मिनिटाला एखादा थेंब पडत राहतो. टोक सरळ कापून पुन्हा शेवटपर्यंत ढकला. आरओ असेल तर टाकाऊ पाण्याची नळी वेस्ट पाइपात जिथे खोचली आहे ती जागाही पाहा. ती निसटली की मशीन चालू असतानाच पाणी येतं. प्युरिफायर आपोआप चालू-बंद होतो, म्हणून ही गळती प्रश्न १० मधल्यासारखी लहरी भासते.

१२. पाइपावर सगळीकडे बारीक थेंब आहेत, जोड मात्र ठीक दिसतात.

दमट हवेत गार पाण्याच्या पाइपावर दव धरतं. गळतीची ओल एका जागेपासून खाली जाते, दव पाइपभर सारखं पसरतं. पाइप पुसून त्याच्या मधल्या भागावर प्लास्टिक घट्ट गुंडाळा. तासाभराने ओल प्लास्टिकच्या बाहेर असेल तर ते हवेतलं पाणी.

१३. पाणी दिसत नाही, पण कोंदट वास येतो आणि फळी फुगलीय.

इतकी मंद गळती की पाणी साचण्याआधीच प्लायवूड ते पिऊन टाकतं. फळी सर्वांत जास्त जिथे फुगली आहे त्याच्या बरोबर वरचे जोड बघा. थर आणि डागही बोलतात. पांढरा, चुन्यासारखा थर म्हणजे क्षारांचं जड पाणी झिरपून वाळलंय, पितळेवर हिरवट डाग म्हणजे तिथे बराच काळ ओल आहे, तपकिरी म्हणजे लोखंड गंजतंय. थर कोरडा असला तरी त्या जोडाखाली टिश्यू बांधून रात्रभर ठेवा.

वास गटाराचा असेल तर प्रश्न वेगळा. ट्रॅपमधलं पाणी हेच गटाराच्या वायूला अडवणारं झाकण असतं. सिंक बरेच दिवस न वापरल्याने ते आटलं असेल तर पेलाभर पाणी सोडलं की वास थांबतो.

१४. सिंकखालची भिंतच ओली आहे. मग?

अँगल कॉक बंद करूनही भिंत ओली राहत असेल तर भिंतीतल्या पाइपाचा संशय घ्या. घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा टिपा, दोन तासांनी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला तर दाबाच्या पाइपात गळती आहे. आकडा तिथेच असेल तर सांडपाण्याचा पाइप, बाहेरची भिंत किंवा वरचा मजला. मात्र वर टाकी असेल आणि मीटर टाकीच्या आधी असेल तर ही चाचणी फसवते. तेव्हा टाकीची पातळी खुणेने पाहा आणि तेवढा वेळ टाकीत पाणी चढू देऊ नका.

१५. टेफ्लॉन टेप गुंडाळली, सिलिकॉन फासलं, तरी गळतं. का?

टेप आट्यांवरच घट्ट होणाऱ्या जोडासाठी आहे. जिथे रबरी वॉशर पाणी अडवतं, म्हणजे कनेक्शन पाइपाचा नट किंवा ट्रॅपचे नट, तिथे टेपचा उपयोग नसतो. उलट ती वॉशर नीट बसू देत नाही. योग्य जागी लावतानाही आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, नाहीतर नट बसवताना ती उलगडते.

बाहेरून फासलेलं सिलिकॉन किंवा इपॉक्सी पुट्टी दाबाखालच्या पाइपावर भरवशाने टिकत नाही आणि गळतीची खरी जागा मात्र झाकून टाकते. प्लास्टिकचे नट हाताने घट्ट करा, नंतर फार तर पाव फेरा. त्यापुढे नट तडकतो.

१६. मिनिटाला दोन-चार थेंबच पडतात. वाटी ठेवून चालेल का?

आठवडाभर, प्लंबर येईपर्यंत, चालेल. पण जागा सांडपाण्याची असेल तरच. दाबाच्या पाइपाची गळती तशी सोडू नका. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांहून जास्त पाणी. कपाटाला त्यातलं थोडंसंही पुरतं. फळी एकदा फुगली की वाळल्यावर पूर्ववत होत नाही.

१७. पाणी येतं कुठलं हे शेवटपर्यंत कळलंच नाही तर?

सिंकमध्ये पाणी भरून त्यात खाण्याचा रंग मिसळा आणि सोडा. खाली पांढऱ्या कागदावर रंगीत थेंब पडला तर सांडपाणी, स्वच्छ थेंब पडला तर नळाची बाजू. फिकट रंगाच्या कृत्रिम दगडाच्या सिंकमध्ये रंग फार वेळ ठेवू नका, डाग राहतो.

तरीही जमलं नाही, किंवा भिंतीतला पाइप, चिरलेलं सिंक, तुटलेला कॉक असं काही निघालं, तर प्लंबरला बोलवा. ‘गळतंय’ एवढंच सांगू नका. कोणत्या पायरीला गळलं, सर्वांत उंच ओली जागा कोणती, किती वेळाने थेंब आला हे सांगा आणि फोटो दाखवा.

१८. दुरुस्ती झाली. आता सामान परत ठेवू का?

एक दिवस थांबा. कोरडा कागद अंथरा, प्रश्न ४ मधली दुसरी, तिसरी आणि चौथी पायरी पुन्हा करा आणि रात्रभर कागद तसाच राहू द्या. सकाळी तो कोरडा असेल तर कपाटाचं दार दोन-तीन दिवस उघडं ठेवून फळी वाळवा, मग सामान ठेवा. कागद मात्र महिनाभर तिथेच असू द्या आणि अधूनमधून डबे सरकवून पाहत राहा.